दोन आज्यांची पत्रिका

(पोलादपूरच्या वर डोंगरातली एक वाडी. अंगणात दुपारचं ऊन. लग्नघरचे तांदळाचे पापड चालले आहेत. बनुबाई लाटतात, प्रयागबाई खाटेवर पसरतात. नात अंकिता ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली आहे.)

अंकिता : ...आणि लग्न एकदाच लागतं. नवरी एक, नवरे चार. चौघं सख्खे भाऊ.

बनुबाई : चार? आन राहतात कुठं?

अंकिता : एकाच घरात, आजी. वर हिमालयात. तिथे शेत म्हणजे आपल्या अंगणाएवढं. प्रत्येक भावाने वेगळी बायको केली की शेताचे तुकडे पडणार, म्हणून सगळ्यांना मिळून एकच. आता कमी झालंय, पण होती पद्धत.

बनुबाई : पयागे, ऐकलंस का गो? तिला एकटीला चार. आपल्याला दोघींत मिळून एक व्हता, तो पण अर्धा वेळ गुरांच्या मागं.

प्रयागबाई : ऐकलं. पापड जाड येतोय.

बनुबाई : जाड नाय येत, ऐकता ऐकता हात थांबला. मंग गो अंकिता, सकाळी चौघांना भाकऱ्या ती एकटीच थापणार?

अंकिता : चौघं एका वेळी घरात नसतातच. एक मेंढरं घेऊन वर गेलेला, एक व्यापाराला, एक शेतात.

बनुबाई : म्हंजे घरात एका टायमाला एकच. हुशार लोकं हायत.

प्रयागबाई : आन पोरं? बाप कुणाला म्हणायचं?

अंकिता : पुष्कळ ठिकाणी मोठ्या भावाला. बाकीचे काका.

प्रयागबाई : पोराला ठाऊक असतं, खरा कोण ते?

अंकिता : असेलही. पण कोणी विचारत नाही म्हणे.

प्रयागबाई : हं. दे पुढचा पापड.

अंकिता : मला ना इतकं भारी वाटतंय हे सगळं वाचताना. परवा कॉलेजात सादर करायचंय. मॅडम म्हणाल्या, लग्नाला वीस दिवस राहिलेत आणि नवरी जगातल्या लग्नांवर बोलतेय, असं आपल्या महाडात पहिल्यांदाच होतंय. मी मोठा तक्ता केलाय. एका बाजूला एक नवरा एक बायको, दुसऱ्या बाजूला बाकीचं सगळं. खाली देश.

बनुबाई : आमचं पोलादपूर हाय का त्यात?

अंकिता : तेच तर. शेवटची ओळ रिकामी ठेवलीय. मॅडमना स्वतः बघितलेलं एक घर हवंय, पुस्तकातलं नको. थांब, बाबांचा मेसेज आला का बघू दे. नाही अजून.

बनुबाई : कसला मेसेज?

अंकिता : पत्रिकेचा. बाबा प्रेसमध्येच उभे आहेत महाडला. कच्ची पत्रिका फोनवर पाठवणार, मी वाचून हो म्हणणार, मग छापायला. चारला मशीन लावतो म्हणाला प्रेसवाला, त्यानंतर एक अक्षर बदलणार नाही. आणि मी बाबांना सकाळीच सांगितलंय, आजी म्हणून दोघींची नावं हवीत. एकीचं नाही चालणार मला.

प्रयागबाई : माझं नको घालू.

अंकिता : का नको? मावशीआजी, अख्ख्या वाडीला माहीत आहे बाबांना जन्म तू दिलास. तरी साखरपुड्याला दासगावची मंडळी आली तेव्हा तू मागच्या दारी भांडी घासत बसलीस, आणि आईने माझ्या सासूबाईंना सांगितलं, या मावशी. मी ताट तसंच ठेवून उठले त्या दिवशी.

प्रयागबाई : भांडी कुणीतरी घासायची असतात.

बनुबाई : पत्रिकेचं तुझा बाप बघेल, मुरारी. पुरुषमाणसाचं काम हाय ते. तू तुझा पुढचा देश सांग.

अंकिता : आजी, तू विषय बदलतेस.

बनुबाई : बदलते तर बदलते. सांग.

अंकिता : बरं. आफ्रिकेत. तिथे काही लोकांत एका माणसाला तीन तीन, चार चार बायका. पण प्रत्येकीची झोपडी वेगळी, शेत वेगळं, धान्याची कणगी वेगळी. नवरा पाळीने एकेकीकडे जेवायला जातो.

प्रयागबाई : चूल पण वेगळी?

अंकिता : चूल वेगळी.

प्रयागबाई : बरं हाय.

बनुबाई : काय बरं हाय? चूल वेगळी असती तर तू भांडली असतीस कुणाशी? आमच्याकडं एक चूल, एक म्हस, एक पाट. लिव गो अंकिता. तीन महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, त्या म्हशीपायी. हिनं दूध काढून ठेवलं, मी परत काढायला बसले, म्हशीनं लाथ मारलान, घागर फुटली. कुणाची चूक ते अजून ठरलं नाय.

प्रयागबाई : तुझी.

बनुबाई : मंग बोलायचं झालं तर म्हशीला सांगायचो. म्हशी, तिला सांग भाकऱ्या झाल्यात. म्हशी, तिला सांग मला भूक नाय. आन तुझा आजा मधी बसून दोघींकडं बघतोय, म्हशीकडं पण बघतोय.

अंकिता : थांब थांब, हे टाइप करते. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

बनुबाई : लिव सगळं. आन असली चार बायकावाली घरं सगळीकडं असतात का तिकडं?

अंकिता : नाही ना, तीच तर गंमत. जिथे चार करायला परवानगी आहे तिथेसुद्धा बहुतेक माणसांना एकच बायको असते.

बनुबाई : एकीचंच निस्तरत नाय त्यांना.

अंकिता : आणि आपल्याकडे तर कायद्याने तेव्हा बंदच होतं. तुमच्या वेळेच्या वीस वर्षं आधीपासून. आजोबांनी केलं ते बेकायदा होतं, माहिताय?

बनुबाई : कायदा असंल खाली पोलादपुरात. इथं वर आला नव्हता, रस्ता कुठं व्हता तवा.

अंकिता : उद्या लग्न झाल्यावर साहिलने दुसरी आणली तर?

बनुबाई : तंगडं मोडीन त्याचं.

अंकिता : का? तुमच्याकडे चालतं, मग मला का नाही?

बनुबाई : चालत नव्हतं गो. चालवलं. दोन्हीत फरक हाय. तू शिकलीस, तुला काय अडलंय? आम्हाला अडलं व्हतं.

अंकिता : मग तेच सांग. माझ्या तक्त्यात एक रकाना आहे, नवरी कोणी पसंत केली. वरपासून खालपर्यंत बघ, बाप, बाप, भाऊ, नवरा, नवरा, जमातीतली म्हातारी माणसं. आपल्या घरापुढे काय लिहू? आजोबा?

बनुबाई : त्यांचं नाव नको घालू, त्यांनी काय केलं नाय. मी केली पसंत.

अंकिता : तू? सवत तू पसंत केलीस?

बनुबाई : मंग कोण करणार? लग्नाला नऊ वर्सं झालेली, पाळणा नाय. सासू रोज गोठ्याच्या दारात उभं राहून भाकड गायीला नावं ठेवायची. गायीला म्हणायची, पण लागायचं मला. मंग एक दिवस मीच म्हटलं, करा दुसरी. पण बघायला मी जाणार. यांना म्हटलं, तुम्ही घरी रहा. पुरुषमाणूस तोंड बघून परत येतो. मला जिच्याबरोबर दिवसभर चिखलात लावणी करायचीय, ती मी बघणार.

अंकिता : आणि गेलीस?

बनुबाई : एकटी. पोलादपूरवरनं महाडची एसटी, महाडवरनं दुसरी गाडी, शेवटाला चालत. पाचाडला हिच्या बापाच्या खळ्यात पोचले तं ही भात पाखडत व्हती.

प्रयागबाई : नाचणी.

बनुबाई : भात.

प्रयागबाई : नाचणी. भात कवाचा झाला व्हता. पाखडणारी मी, मला नाय ठाऊक?

बनुबाई : नाचणी तर नाचणी. मी बघितलं, हात भरभर चालतोय आन तोंड बंद. म्हटलं ही पाहिजे. तोंड चालवायला मी हाय.

अंकिता : मावशीआजी, तुला राग नाही आला? आपल्याला बघायला नवऱ्याची पहिली बायको आलीय.

प्रयागबाई : राग यायला येळ कुठं व्हता. बापानं आधीच हो म्हटलेलं. मागं चार बहिणी. ही आक्का म्हणाली, विहीर दाव मला, तोंड धुवायचंय. विहिरीवर नेलं. कुणी नव्हतं तिथं. तोंड काय धुतलं नाय. म्हणाली, तुला यायचं हाय का?

अंकिता : असं सरळ?

प्रयागबाई : सरळ. म्हणाली, नको असंल तर आत्ता सांग. मी जाऊन सांगते मला पोरगी पसंत नाय, तुझ्यावर काय येणार नाय. अठरा वर्सांत मला कुणी काय इचारलं नव्हतं. शाळेतनं काढलं तवा नाय, भूक लागलीय का ते पण नाय. मी यांना कुठं बघितलं व्हतं? आक्काला बघून हो म्हटलं.

अंकिता : हे मी असंच्या असं वाचून दाखवणार परवा.

प्रयागबाई : दाखव. पण सुख व्हतं असं नको लिवू. पहिलं वरीसभर मी रोज पाचाडच्या दिशेला बघायचे. आन आक्का रातची भिंतीकडं तोंड करून झोपायची, जागीच असायची. मला कळायचं.

बनुबाई : हिला दिवस गेले तवा मी वाडीभर गूळ वाटला. आन गोठ्यात जाऊन रडले. दोन्ही खरं. तुझ्या तक्त्यात दोन्हीला जागा हाय का?

अंकिता : करते. रकाना रुंद करते.

बनुबाई : अजून देश सांग. संपले काय?

अंकिता : एक राहिला, आणि तो सगळ्यात भारी आहे. मुद्दाम शेवटी ठेवलाय. केनियात काही लोकांत बाईच बाईशी लग्न करते.

बनुबाई : म्हंजे?

अंकिता : म्हणजे एखादी म्हातारी होत आलेली बाई, मूलबाळ झालं नाही, मुलगा नाही. तर ती वाजतगाजत एक तरुण मुलगी स्वतःसाठी नवरी म्हणून आणते. गुरं देते तिच्या बापाला. ती मुलगी तिच्या घरात राहते, तिला मुलं होतात...

बनुबाई : कुणापासनं?

अंकिता : असतो कोणीतरी. त्याला कोणी विचारत नाही, त्याचा हक्कही नाही. मुलं त्या मोठ्या बाईची. तिचं नाव लावतात, तिचं शेत त्यांना मिळतं.

बनुबाई : तिचं नाव लावतात?

अंकिता : हो.

बनुबाई : सगळ्या गावासमोर?

अंकिता : गावासमोरच. रीतच आहे ती.

बनुबाई : मंग त्या बाईला कुणी वांझ म्हणत नसतील.

अंकिता : नाही म्हणत. आजी, लाटणं थांबलं तुझं.

बनुबाई : परत सांग ते केनियाचं. गुरं कोण देतं?

अंकिता : थांब, आली. पत्रिका आली. मावशीआजी, इकडे ये, बघ किती सुंदर. कडेने आंब्याची पानं काढलीत. वाचते हं. गणपती, कुलस्वामिनी... आमच्या येथे... चि. सौ. कां. अंकिता, श्री. मुरारी व सौ. स्नेहल यांची कन्या, कैलासवासी कुशाबा व श्रीमती बनुबाई यांची नात...

प्रयागबाई : छान हाय.

अंकिता : छान काय? तुझं नाव नाही यात. सकाळी इतकं सांगितलं बाबांना. आणि वीस मिनिटं राहिलीत. मी लिहितेय आत्ता, श्रीमती बनुबाई व श्रीमती प्रयागबाई...

प्रयागबाई : नको म्हटलं ना.

बनुबाई : नको म्हणते ती. ऐकत का नाय गो तू?

अंकिता : ती नको म्हणणारच. ती कधी काय मागते? तू सांग, आजी. तू हो म्हटलंस की झालं. साहिलला मी कधीच सांगितलंय, तो म्हणाला मला दोन दोन आजेसासवा, मस्तच. दासगावची काही अडचण नाही. मग राहिलं कोण?

बनुबाई : मी राहिले. मी नाय म्हणते.

अंकिता : तू?

बनुबाई : व्हय, मी. मुरारीला सकाळी मीच फोन करून सांगितलं, एकच नाव घाल. तुझा बाप नाय इसरला. आता बोल.

अंकिता : आजी, आत्ता तासभर आपण हसतोय. सवत पसंत करायला तू एसटीने गेलीस, आणि साधं नाव लिहायला नाही म्हणतेस?

बनुबाई : साधं? तुला साधं वाटतं. नवरा दिला मी. अर्धी चूल दिली, पेटीतली अर्धी जागा दिली, माझी हिरवी साडी हिला मीच नेसवली, हळद मीच लावली. सगळ्यात वाटा दिला. एक ठेवलं फक्त. मुरारीची आई. शाळेच्या दाखल्यावर बनुबाई, रेशनकार्डावर बनुबाई, तुझ्या आईबापाच्या पत्रिकेत बनुबाई. पोरगं आई म्हणून हाक मारतं ती मला. आता दोन नावं छापलीस की दासगावच्या बायका बोट ठेवून इचारणार, यातली खरी कुठची? आन खरी ती हाय. मंग मी कोण?

अंकिता : दोघी आहात.

बनुबाई : तुझ्या मशीनमधी असतील दोघी. लोकं एकच मोजतात. केनियात नाय राहत मी.

प्रयागबाई : पुरे गो अंकिता. पाठव आहे तसं. मला काय कमी झालं?

बनुबाई : आन हे मला कुणी फुकट नाय दिलं. तुझ्या आजानं दिलान. शाळेत नाव घालताना आईच्या जागी माझं नाव घातलान. तोपर्यंत मला वाटायचं, मी या घरात नुसती राबणारी. त्या दिवशी कळलं, याच्या मनात मी हाय. म्हणून मी हिच्याशी भांडायची सोडली. आन हिला जन्मभर घाबरले. आज बोलेल, उद्या बोलेल, माझं पोर मला दे म्हणेल. चाळीस वर्सं घाबरतेय.

प्रयागबाई : त्यांनी नाय घातलं.

बनुबाई : काय नाय घातलं?

प्रयागबाई : नाव. शाळेत.

बनुबाई : मंग कुणी?

प्रयागबाई : ते तवा मुंबईला कामाला गेलेले. जूनचा महिना व्हता. तू हिवतापानं पडलेलीस, चार गोधड्या अंगावर. पोराला शाळेत मी घेऊन गेले.

बनुबाई : ते जाताना गुरुजींना सांगून गेले व्हते.

प्रयागबाई : तू मनानं धरलंस तसं. त्यांना पोराचं वय पण सांगता आलं नसतं. गुरुजी म्हणाले, आईचं नाव? म्हटलं, बनुबाई. गुरुजी वाडीतलेच, मला वळखत व्हते. म्हणाले, बाय, मी तुझं नाव इचारतोय. म्हटलं, गुरुजी, बनुबाई लिवा. म्हणाले, मंग तू कोण? म्हटलं, मावशी.

अंकिता : मावशीआजी...

प्रयागबाई : पोरगं बाजूला उभं व्हतं, पाटी घेऊन. त्यानं ऐकलं. घरी येताना वाटेत मला मावशी म्हणालं. म्हटलं बरं झालं, लगेच शिकलं.

बनुबाई : का केलंस असं?

प्रयागबाई : विहिरीवर तू इचारलं व्हतंस ना मला. त्याचं मी काय देणार तुला? माझ्याकडं तेवढं एकच व्हतं.

बनुबाई : चाळीस वर्सं बोलली नायस.

प्रयागबाई : बोलले असते तर ते तुझं झालं नसतं. उसनं झालं असतं.

बनुबाई : मी त्यांच्या फोटोला रोज सकाळी फूल घालते. त्या नावापायी. ताप असला तरी उठून घालते.

प्रयागबाई : घाल की. बाकीच्यासाठी घाल.

बनुबाई : बाकीचं काय हाय?

प्रयागबाई : घागर फुटली तवा दोघींना बोलले नाय ते. तेवढ्यासाठी घाल.

अंकिता : आजी, रडू नको ना. मला पण येतंय. हे घे, पदराने नको पुसू, पिठाचा आहे. मी एकच नाव ठेवते, जाऊ दे. तुझ्या मनाविरुद्ध नको काही.

बनुबाई : किती वाजले?

अंकिता : चाराला दहा कमी.

बनुबाई : पयागे, इकडं बस. पापड राहू दे. बस म्हणते ना. माझ्याकडं बघ.

प्रयागबाई : बसले. काय?

बनुबाई : तुला नाव यायला हवंय का?

प्रयागबाई : मी सांगितलं, नको.

बनुबाई : ते तू तिला सांगितलंस. मी आता इचारतेय. विहिरीवर इचारलं तसं. नको असंल तर नको सांग, मी मुरारीला कळवते, तुझ्यावर काय येणार नाय. हवं असंल तर हवं सांग.

प्रयागबाई : पोरीसमोर काय इचारतेस?

बनुबाई : सांग. कुणी नाय इथं. ही काय, आपलीच हाय.

प्रयागबाई : हवंय.

बनुबाई : कवापासनं?

प्रयागबाई : साखरपुड्यापासनं. त्या दासगावच्या बाईनं पोरीची ओटी भरली तवा घरात सगळी हसत व्हती. मागच्या दारी ऐकू येत व्हतं. मला वाटलं, हात धुवावे आन जाऊन उभं रहावं. नुसतं उभं. मंग परत घासायला बसले.

बनुबाई : यायचं व्हतंस ना भवाने.

प्रयागबाई : तू आत व्हतीस.

बनुबाई : अंकिता, लिव. नीट लिव. कैलासवासी कुशाबा, मंग श्रीमती प्रयागबाई...

प्रयागबाई : आक्का आधी.

बनुबाई : तू गप.

प्रयागबाई : आक्का आधी, नायतर नको. मी पाचाडला परत जाईन.

बनुबाई : या वयात? चढ चढवेल काय तुला? बरं, माझं आधी, हिचं मागनं. दोघींचं अक्षर सारखंच मोठं असू दे. आन त्या प्रेसवाल्याला सांग, मधी जागा सोडू नको.

अंकिता : श्रीमती बनुबाई व श्रीमती प्रयागबाई यांची नात. पाठवलं. बाबांना पण पाठवलं. दोन टिक्स आल्या. निळ्या झाल्या. वाचलं त्यांनी. आणि तक्त्यातली शेवटची ओळ भरते, आमचं घर, पोलादपूर तालुका. नवरी कोणी पसंत केली, पहिल्या बायकोने. नवरीने कोणाला पसंत केलं...

बनुबाई : ते रिकामं ठेव.

प्रयागबाई : का रिकामं? आक्काचं नाव घाल.

अंकिता : घातलं. आणि मूल कोणाचं?

बनुबाई : त्या रकान्यात काय काय लिवलंयस वरती?

अंकिता : मोठ्या भावाचं, आईचं, नवऱ्याच्या घराण्याचं, मोठ्या बाईचं.

बनुबाई : दोघींचं लिव. मॅडमनं इचारलं तर सांग, पापड खायला या, दावतो.

अंकिता : फोन वाजतोय. बाबाच. बाई गं, चिडले असतील, सकाळी तू एक सांगितलंस आणि आता हे.

बनुबाई : दे इकडं. कानाला धर माझ्या, हाताला पीठ हाय. हां, बोल मुरारी... व्हय, बघितली मी... पोरीनं नाय, मीच बदलायला लावली... सकाळचं सकाळी, आता हे सांगते... लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन, तू मशीन लावायला सांग... कोण? इथंच हाय, माझ्या बाजूला... नाय रे, कुणी रडत नाय... थांब. तुझ्या आईला देते.